तांब्याचा अंश आणि गंजाचे कवच



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही संप, टाळेबंदी, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या प्रश्नावर बोलू. आम्ही "पोलादातले तांबे" असे उत्तर दिले तेव्हा त्यांच्यातले एक स्नेही हसून म्हणाले, "म्हणजे आता धातूंचीही युनियन काढलीत की काय?" विनोद सोडून दिला तरी शंका रास्त आहे. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. परंतु हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो पुस्तकातून नव्हे, हातातून शिरला. म्हणून आधी तेवढी हकीकत सांगू द्यावी.

वयाच्या अठराव्या वर्षी आम्ही एका कंत्राटदाराच्या टोळीत लागलो. पूल, शेड, टाक्या यांच्या लोखंडी कामाला रंग देणारी ती टोळी होती. काम ठरलेले. परांचीवर उभे राहून आधी पट्टीने आणि तारेच्या ब्रशाने गंज खरवडायचा, मग शेंदरी अस्तर लावायचे, आणि ते वाळले की वर रंगाचे दोन हात द्यायचे. काही वर्षांनी त्याच पुलावर पुन्हा तीच टोळी. त्या शेंदरी अस्तरात शिशाचा शेंदूर असतो, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. टोळीत सर्वांत जुने जे रंगारी होते त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचे उजवे मनगट लुळे पडून पुढे लोंबत असे. ब्रश उचलताना ते डाव्या हाताचा टेकू देत. पोटात कळा येऊन महिन्यातून दोन-चार खाडे होत. कंत्राटदाराने रोगाचे निदान एका शब्दात करून टाकले होते : "दारू." नाना माळकरी होते. जन्मात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. शिशाच्या विषाने मनगट लुळे पडते हे आम्हांला फार पुढे, वाचनालयात कळले. तेव्हा नाना या जगात नव्हते.

एका दुपारी भाकरी सोडताना आम्ही त्यांना विचारले, "नाना, गंजणारच नाही असं लोखंड नसतं का हो?" नाना म्हणाले, "असतं तर पोरा, तू-मी ही भाकरी खाल्ली असती का?"

त्या एका उत्तरात दोन गोष्टी होत्या. जे काम माणसाला मारते तेच त्याला पोसते. आणि म्हणून त्या कामाचा अंत व्हावा की होऊ नये, हे त्या माणसाला ठरवता येत नाही. असे लोखंड जगात आहे की नाही, याचा शोध घेण्यात आमची पुढची कित्येक वर्षे गेली. ते आहे. निदान अर्धेमुर्धे आहे. त्याची कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड हे निसर्गात शुद्ध रूपात बहुधा सापडत नाही. प्राणवायूशी जखडलेल्या मातीच्या रूपात ते सापडते. आपण भट्टीत कोळसा जाळून त्याला प्राणवायूपासून सोडवतो. परंतु पाणी आणि हवा एकत्र मिळाली की, लोखंड पुन्हा प्राणवायूकडे धाव घेते. गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा माती होणे. दुर्दैवाची गोष्ट अशी की, हा गंज सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्याचे पोपडे सुटतात, ते पाणी धरून ठेवतात, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. अ‍ॅल्युमिनियमवरही असाच थर बसतो. पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा थर मात्र घरभेद्या आहे. म्हणून रंग, म्हणून शेंदूर, म्हणून नाना.

शेंदराचा गुण मोठा, हे मान्य केले पाहिजे. लोखंडावर तो असा बसतो की, गंजाला सहजासहजी वाट मिळत नाही. त्याचे मोल मात्र रंगारी देतो. शिसे हे मज्जातंतूंचे विष आहे, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण कारखान्यात जाऊन, मजुरांच्या घरी बसून त्याचा हिशेब मांडणारी व्यक्ती म्हणजे अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. १९१० पासून इलिनॉय राज्यात त्यांनी शिशाच्या धंद्यांची पाहणी केली. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने रंगातील पांढऱ्या शिशावर बंधने घालणारा करार संमत केला; परंतु तो घरांच्या आतल्या रंगकामापुरता होता. पुलावरचा शेंदूर त्यातून सुटला. अमेरिकेत बांधकाम-मजुरांच्या शिशापासूनच्या संरक्षणाचा नियम व्हायला १९९३ साल उजाडले. आपल्याकडे रंगातील शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१७ सालच्या नोव्हेंबरात अमलात आला, आणि तोही घरगुती व शोभेच्या रंगांपुरता. तेव्हा रंग न मागणारे लोखंड ही काही शास्त्रज्ञांची नुसती चैन नव्हे. तो मजुरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आता ज्या गावी ही कथा घडली त्या गावी जाऊ. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, दोन नद्यांच्या संगमावर पिट्सबर्ग वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील पोलादाची राजधानी म्हणून ते ओळखले जाई. शहराजवळच मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेड येथे अँड्र्यू कार्नेगीचा प्रचंड कारखाना होता आणि त्याचा कारभार हेन्री क्ले फ्रिक पाहत असे. १८९२ साली फ्रिकने पोलाद-कामगारांची संघटना मोडण्याच्या हेतूने टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे सुमारे ३०० हत्यारबंद भाडोत्री शिपाई पडावांतून नदीमार्गे कारखान्यात उतरू लागले, आणि काठावर कामगार उभे होते. दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. मागाहून राज्याची फौज आली आणि नोव्हेंबरपर्यंत संघटना पार मोडली गेली. १९०१ साली कार्नेगीचा कारखाना विकत घेऊन 'युनायटेड स्टेट्स स्टील' ही महाकंपनी निघाली. फ्रिक १९१९ साली वारला. मृत्युपत्रात त्याने पिट्सबर्ग शहराला बागेसाठी १५१ एकर जमीन दिली. ती बाग 'फ्रिक पार्क' या नावाने प्रसिद्ध आहे. श्रोत्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. शेवटी आपल्याला तेथे परत यावयाचे आहे.

या गावच्या हवेत भट्ट्यांचा धूर, आणि धुरात कोळशातले गंधक. असली हवा माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि लोखंडालाही वाईट. छपराचे पत्रे येथे भराभर चाळणी होत. पण ज्या गावी रोग जास्त त्याच गावी वैद्य शहाणा होतो.

पोलादात तांबे असणे हे पूर्वी खोट समजत. त्याचे कारण भट्टीवाल्यांना ठाऊक होते. पोलादाचा ठोकळा लाल करून तापवला म्हणजे पृष्ठभागावरचे लोखंड जळून त्याचे खवले बनतात. तांबे मात्र जळत नाही, ते खवल्यांखाली साचत जाते. १०८५ अंश सेल्सिअसला तांबे वितळते, आणि मग ते पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरते. रुळांखाली घातलेला ठोकळा अशा वेळी चिरतो. यावर उपाय म्हणून पुढे निकेल मिसळू लागले. पण सुरुवातीला तांबे म्हणजे अडचण, एवढेच लोक जाणत.

या अडचणीत काही गुण असावा, अशी शंका आली ती शतकाच्या वळणावर. १९०० साली पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या अभियंता-मंडळापुढे विल्यम्स नावाच्या गृहस्थांनी तांब्यामुळे गंज मंदावतो असे प्रतिपादन केले. पुढे युनायटेड स्टेट्स स्टीलच्या एका पोटकंपनीतले धातुतज्ज्ञ डी. एम. बक यांनी १९१० च्या सुमारास ही गोष्ट कसोटीला लावली. त्यांनी तांबे असलेले आणि तांबे नसलेले पत्रे उघड्या हवेत मांडले : काही खेड्यात, काही धुराच्या गावी, आणि काही समुद्रकाठी. १९१३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. तांब्याचा अगदी थोडा अंश, ०.०७ टक्के एवढा जरी असला तरी पत्रा जास्त टिकतो, ०.२५ टक्क्यांच्या आसपास पुरेपूर लाभ मिळतो. त्यापुढे तांबे वाढवून फारसे पदरात पडत नाही. मणभर पोलादाला दोन छटाकही नाही, एवढ्या तांब्याची ही करामत!

कंपनीचा माणूस कंपनीच्या मालाची स्तुती करील, असे कुणी म्हणेल. तशी शंका तेथेही होती. म्हणून १९१६ साली अमेरिकेच्या साहित्य-परीक्षण संस्थेने स्वतंत्र परीक्षा मांडली. पिट्सबर्ग, शिकागोजवळचे फोर्ट शेरिडन आणि समुद्राजवळचे अ‍ॅनापोलिस अशा तीन ठिकाणी मांडण्या उभारून त्यांवर शेकडो पत्रे ऊन-पावसात ठेवण्यात आले. ठरावीक काळाने परीक्षक येत, एकेक पत्रा तपासत. भोक पडले की तो पत्रा मेला, अशी नोंद होई. हे काम एक-दोन वर्षांचे नव्हते. ते वर्षानुवर्षे चालले. आम्हांला या नोंदवह्यांचे फार अप्रूप वाटते. आमच्या चळवळीतही असेच असते. सभेतल्या टाळ्यांनी काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते वर्षानुवर्षे नीट ठेवलेल्या हजेरीपत्रकाने. या परीक्षेत तांब्याचे पत्रे बिनतांब्याच्या पत्र्यांपेक्षा उघड्या हवेत स्पष्टपणे जास्त टिकले. त्याच संस्थेने दुसरे काही पत्रे पाण्यात बुडवून ठेवले होते. तेथे तांब्याने काहीच उजेड पाडला नाही.

असे का व्हावे? येथे या विषयाचे मर्म आहे. तांबे गंज थांबवीत नाही. तांबे गंजाचा स्वभाव बदलते. पावसात भिजल्यावर तांब्याचे पोलादही गंजते. पण लोखंडाबरोबर तांब्याचाही सूक्ष्म अंश विरघळतो, हवेतल्या गंधकाशी त्याचे न विरघळणारे क्षार बनतात, आणि ते गंजाची छिद्रे बुजवतात. पोलादात मुळातच असलेल्या गंधकाचा उपद्रवही तांबे आवरते. पुन्हा ऊन पडते, थर वाळतो, घट्ट होतो. पुन्हा पाऊस, पुन्हा ऊन. काही वर्षांत नारिंगी रंग जाऊन गडद तपकिरी रंग येतो, आणि आत बारीक कणांचा, लोखंडाला चिकटून बसलेला थर तयार होतो. पाणी आणि प्राणवायू यांना तो सहसा आत येऊ देत नाही. बारकाव्यांविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहेत, परंतु मुख्य गोष्ट निर्विवाद आहे. काट्याने काटा काढावा तसा येथे गंजानेच गंज अडवला जातो.

पण हे कवच कर्णाच्या कवचासारखे जन्मजात नाही. ते कमवावे लागते, आणि त्याला ओले-कोरडे होण्याची पाळी लागते. जे लोखंड सदा ओले राहील, मातीत पुरले जाईल, पानापाचोळ्याखाली झाकले जाईल, किंवा ज्यावर मीठ साचेल, त्याला हे कवच बसत नाही. तेथे ते पोलाद साध्या पोलादासारखेच सडते. एवढी अट श्रोत्यांनी पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास या अटीचा आणि ती विसरण्याचा आहे.

येथे एक प्रश्न येणारच : आपल्या दिल्लीच्या लोहस्तंभात तांबे आहे काय? गुप्तकाळापासून, सुमारे १६०० वर्षे, तो स्तंभ उभा आहे. त्यात तांबे नाममात्र आहे. तेथे काम केले ते फॉस्फरसने. त्याचे प्रमाण आजच्या पोलादाच्या मानाने बरेच, सुमारे ०.२५ टक्के, आहे. कानपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० च्या सुमारास त्या थराचा कसून अभ्यास केला. फॉस्फरसमुळे तेथेही असाच घट्ट, रक्षक थर बसला आहे. आणि योगायोग पाहा : पिट्सबर्गच्या लोकांनी पुढे जे पोलाद बनवले त्यात तांब्याच्या जोडीला फॉस्फरसही होता.

ते पोलाद म्हणजे 'कॉर-टेन'. १९३३ साली युनायटेड स्टेट्स स्टीलने ते बाजारात आणले. नावातले 'कॉर' गंजाला होणाऱ्या विरोधाचे आणि 'टेन' ओढ सोसण्याच्या ताकदीचे. त्यात तांबे, क्रोमियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि थोडे निकेल होते. ताकद साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट. आणि हवेत ते साध्या पोलादापेक्षा चारपट ते सहापट टिकते, असा कंपनीचा दावा होता. पहिले गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे. कोळशाच्या वाघिणींत ओला, गंधकयुक्त कोळसा भरलेला असे आणि तो आतून पत्रा खाई. नव्या पोलादाने पत्रा पातळ करता आला, वाघीण हलकी झाली, आणि त्याच इंजिनामागे जास्त माल ओढता आला. याच काळात, २ मार्च १९३७ रोजी, युनायटेड स्टेट्स स्टीलने पोलाद-कामगारांच्या नव्या संघटनेशी करार केला. आठ तासांचा दिवस, ४० तासांचा आठवडा आणि ५ डॉलर रोज मान्य झाला. होमस्टेडला जे मोडले ते पुन्हा उभे राहायला ४५ वर्षे लागली. संघटनेचे कवचही एका पावसात बसत नाही.

सुमारे तीस वर्षे हे पोलाद बहुतकरून रंग लावूनच वापरीत. नंतर वास्तुशिल्पी एरो सारिनेन यांनी मोलीन येथे शेतीची यंत्रे बनवणाऱ्या डीअर कंपनीच्या कचेरीसाठी ते उघडे, बिनरंगाचे वापरण्याचे योजिले. ते १९६१ साली वारले. इमारत १९६४ साली पुरी झाली. गंज हाच रंग, असा नवा विचार तेथे उभा राहिला. १९६५ साली शिकागोचे नागरी केंद्र उभे राहिले, आणि १९६७ साली त्याच्या पटांगणात पिकासोच्या आराखड्यावरून याच पोलादाचे भव्य शिल्प बसवले गेले. १९७० साली खुद्द युनायटेड स्टेट्स स्टीलने पिट्सबर्गला ६४ मजल्यांची कचेरी याच पोलादात बांधली. पहिल्या वर्षांत तिच्यावरून ओघळणाऱ्या तांबूस पाण्याने खालचे पदपथ रंगून गेले, एवढेच. १९७७ साली वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हर नदीच्या दरीवर ५१८ मीटर गाळ्याची कमान उभी राहिली. तेवढी लांब एकगाळ्याची पोलादी कमान तेव्हा जगात दुसरी नव्हती, आणि तिला रंगाचा एक हातही द्यावा लागला नाही. २६७ मीटर खोल दरीवर लोंबकळत शेंदूर फासण्याचे काम किती नानांचे वाचले असेल, याचा आम्ही मनाशी हिशेब करतो आणि त्या धातुतज्ज्ञांना मनोमन हात जोडतो.

परंतु येथूनच हिशेब चुकू लागला. विक्रेत्याने सांगितले, "याला रंग लागत नाही." मालकाने ऐकले, "याला देखभाल लागत नाही." आणि खजिनदाराने वहीत लिहिले, "याला माणूस लागत नाही." ही तीन वाक्ये एकसारखी दिसतात. ती एक नव्हेत. पहिले वाक्य अटींसह खरे आहे, दुसरे खोटे आहे, आणि तिसरे घातक आहे.

अटलांटा शहरात १९७२ साली ऑम्नी नावाचे क्रीडागृह या पोलादाच्या भिंती घालून बांधले. तेथील हवा दमट. थर वाळेना, घट्ट होईना, गंज थांबेना. भिंतींना भोके पडून त्यांतून फुकटे प्रेक्षक आत शिरू लागले, म्हणून जाळीचे कुंपण घालावे लागले. १९९७ साली ती इमारत सुरुंग लावून पाडली. मिशिगन राज्यात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते खारट पाणी पुलांच्या सांध्यांतून खालच्या तुळयांवर गळू लागले आणि कवच बसण्याऐवजी पोपडे सुटू लागले. १९८० च्या सुमारास त्या राज्याने नव्या पुलांत हे पोलाद उघडे वापरणेच थांबवले. १९८९ साली मध्यवर्ती महामार्ग-खात्याने एक मार्गदर्शक पत्रक काढले. पाणी तुंबू देऊ नका, सांधे गळू देऊ नका, सांध्यांखालचे पोलाद रंगवा, असा त्याचा मथितार्थ होता. ज्ञान सर्वांसमोर होते. छापून आले होते.

आता फ्रिक पार्कमध्ये परत जाऊ. त्या बागेतल्या फर्न हॉलो नावाच्या खोल घळीवरून फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता जातो. त्यावर १९७३ सालचा, याच जातीच्या उघड्या पोलादाचा पूल होता. मालकी पिट्सबर्ग शहराची. ज्या शहरात हे पोलाद जन्मले, त्याच शहराचा हा पूल. पुलावरची पाण्याची भोके आणि पन्हळी कचऱ्याने तुंबल्या. पाणी, माती आणि हिवाळ्यातले मीठ तिरप्या पायांच्या तळाशी जाऊन साचू लागले. तेथे ते वाळेना. कवच बसण्याची अट मोडली. पायांची पोलादी पाटे झिजली, त्यांना भोके पडली. तपासनीस येत, नियमाप्रमाणे येत. त्यांनी पाहिले आणि लिहिले. निचरा साफ करा, कुजलेला भाग दुरुस्त करा, असे वर्षानुवर्षे अहवालांत लिहीत राहिले. २०११ पासून पुलाची स्थिती 'वाईट' अशी नोंदलेली होती. २०१८ साली एका नागरिकाने खालून जाताना गंजून तुटलेला आडवा दांडा पाहिला आणि त्याचे छायाचित्र महापालिकेकडे पाठवले. वाहतूक चालूच राहिली.

२८ जानेवारी २०२२ रोजी, हिमवर्षाव झालेल्या पहाटे, तो पूल सुमारे १०० फूट खोल घळीत कोसळला. वर एक लांब बस आणि काही मोटारी होत्या. माणसे जखमी झाली. प्राण कुणाचा गेला नाही, हे केवळ नशीब. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष पूल आणि रस्ते यांच्या दुरुस्तीच्या कायद्यावर भाषण करण्यासाठी त्याच शहरात येणार होते. ते आले आणि पडलेला पूल पाहून गेले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. मे २०२३ मध्ये त्याने अशा जातीच्या इतर पुलांचीही तपासणी करण्याची शिफारस केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतिम निर्णय दिला. पुलाचा एक पाय गंजामुळे गेला. आणि देखभाल व दुरुस्ती यांच्या वारंवार केलेल्या शिफारशींवर शहराने कृती केली नाही, म्हणून तो गंज तेथपर्यंत पोचला. पोलादाचा दोष नव्हता. तांब्याने आपले काम केले असते. पण ज्याने पन्हळ साफ करावी त्याला कुणी पाठवले नाही.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार त्या पन्हळीत आहे. पूल बांधायला अभियंते लागले, धातुतज्ज्ञ लागले, शतकभराचे शास्त्र लागले. तो उभा ठेवायला एक फावडे, एक झाडू आणि वर्षातून काही दिवस राबणारी चार माणसे लागत होती. शहराच्या अंदाजपत्रकात त्या चार माणसांचा पगार म्हणजे पोलादातल्या तांब्याहूनही थोडा अंश असेल. पण खर्च कापायची वेळ आली की, कात्री प्रथम याच अंशावर चालते. कारण तो कापला तर उद्या काही होत नाही, दहा वर्षांनी होते.

ही परदेशातली गोष्ट झाली, असे म्हणून उठू नये. आपल्या रेल्वेने मालगाडीच्या वाघिणींसाठी आणि प्रवासी डब्यांसाठी या जातीचे पोलाद अनेक दशके वापरले. कारखान्यांतले आमचे कामगार-बंधू त्याला 'कॉर्टन' म्हणून ओळखतात. त्यांना विचारा, जुन्या धाटणीचा डबा प्रथम कोठे कुजतो. ते सांगतील : संडासाच्या आणि दाराच्या खाली, जेथे पाणी मुरते आणि वाळत नाही. पुस्तकातला नियम त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. आणि कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात हे पोलाद बिनरंगाचे उभे करायचे कुणी मनात आणील, तर त्याने आधी मिठाचा विचार करावा. तेथे रंग लागेलच. मात्र तो शिशाचा असता कामा नये, आणि खरवडणाऱ्याच्या तोंडावर नुसते फडके असता कामा नये.

आमच्या चळवळीतही काही मित्र म्हणतात, असली नवी साधने आली की आपली माणसे कमी होतात, म्हणून विरोध करावा. आम्ही असे म्हणत नाही. ज्या कामाने मनगट लुळे पडते ते काम गेले तर जाऊ द्यावे. त्यासाठी आम्ही रडणार नाही. पण रंगाऱ्याचे जे पैसे वाचले त्यातला वाटा पन्हळ साफ करणाऱ्याला, सांधे तपासणाऱ्याला आणि अहवाल लिहिणाऱ्याला मिळाला पाहिजे. ते काम कायम नोकराचे असावे, टेंडरगणिक बदलणाऱ्या टोळीचे नव्हे. कारण जो माणूस दर साली त्याच सांध्यापाशी येतो त्यालाच गेल्या सालापेक्षा भोक वाढलेले दिसते. आणि त्याने लिहिलेला कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, हे विचारण्याचा हक्क त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला असावा.

नानांचा प्रश्न आम्ही एवढी वर्षे बाळगला. आज ते असते तर आम्ही त्यांना सांगितले असते : नाना, असे लोखंड असते. त्याला शेंदूर लागत नाही. पण त्याच्याकडे लक्ष ठेवायला माणूस लागतोच, तेव्हा भाकरीची काळजी करू नका. भाकरी जाते ती लोखंडामुळे नव्हे. माणूस लागत नाही असे वहीत लिहून ठेवणाऱ्याच्या लेखणीमुळे जाते.